एक तालांत, साडेचार तास

उपासना संपता संपता पाळकसाहेब घोषणा करतात: शब्बाथशाळेला शिक्षक हवेत, नाताळच्या कार्यक्रमाला हात हवेत, ज्यांची इच्छा असेल त्यांनी सेक्रेटरींकडे नावं द्यावीत. दरवर्षी तेच सहा-सात हात वर होतात. बाकीचे आम्ही बाकाखाली चपला शोधू लागतो. चपला शोधणारे सगळे आळशी नसतात, हे मी स्वतःवरून सांगतो. कुणाला वाटतं, मला ना गाता येत ना बोलता, मी काय देणार? आणि कुणाकडे खरोखरच वेळ नसतो. सकाळी आठला डबा घेऊन निघालेला माणूस संध्याकाळी सातला घरात पाय टाकतो. त्याला ‘प्रभूसाठी वेळ काढा’ म्हणणाऱ्याचं काय जातं?

मी पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात हिशेब बघतो, मूळचा नगर जिल्ह्यातला. पुढे जे लिहिलंय ते पाळकाचं प्रवचन नाही. दोन-तीनदा चुकून, मग वही घेऊन बसून जे जमलं ते क्रमाने मांडतोय.

आधी येशूने सांगितलेला तालांतांचा दाखला नीट वाचून घेऊ, कारण आपण तो लहानपणी पाठ केला आणि तिथेच सोडला. परदेशी निघालेला धनी तीन दासांकडे पाच, दोन आणि एक तालांत सोपवतो; पहिले दोघे ते दुप्पट करतात, तिसरा आपला एक जमिनीत पुरून ठेवतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातला हा ‘तालांत’ हा शब्द अंगच्या गुणाचा नाही, वजनाचा आहे. एक तालांत म्हणजे सुमारे ६००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात हाच दर आहे. आठवड्याचे सहा दिवस कामाचे धरले तर एक तालांत ही एकोणीस-वीस वर्षांची मजुरी होते. ज्याला ‘एकच’ मिळाला म्हणून आपण त्याची कीव करतो, त्याच्या पदरात एवढं होतं!

आणखी दोन गोष्टी सहज निसटतात. त्याने तो जमिनीत का पुरला, तर तो स्वतः सांगतो, ‘मी भ्यालो.’ आणि धनी त्याला काय म्हणतो? तू मोठा व्यापार का केला नाहीस, असं विचारत नाही. निदान सावकाराकडे तरी ठेवायचे होतेस, म्हणजे मला व्याज मिळालं असतं, एवढंच म्हणतो. धन्याची किमान अपेक्षा इतकी साधी होती. या सावकाराकडे आपण चौथ्या पायरीवर परत येऊ.

पहिली पायरी: आठवडा वहीत मांडा

नव्वदाव्या स्तोत्रात मोशे विनवतो की आम्हांला आमचे दिवस गणायला शिकव. मी हिशेबनीस असल्यामुळे ते शब्दशः घेतलं. सात दिवस, रोज झोपण्यापूर्वी पाच मिनिटं, दिवस कुठे गेला ते लिहायचं. अंदाजाने महिन्याचं लिहू नका, ते खोटंच निघतं.

आठवड्याचे तास १६८. माझे असे गेले: झोप ४९, नोकरी ४८, जाणं-येणं १५, आंघोळ-जेवण-बाजार-घरकाम साडेचोवीस. उरले साडेएकतीस. रविवारची उपासना ३, मुलांचा अभ्यास आणि आईचं औषधपाणी १०. उरले साडेअठरा. म्हणजे वेळच वेळ होता की! मग फोनमधला स्क्रीन टाइम उघडून पाहिला: रोज दोन तास, आठवड्याचे १४. हातात राहिले साडेचार.

त्या १४ तासांबद्दल मी लगेच कुणाला दोष देणार नाही. दमलेला माणूस फोन बघतो. पण त्यातला एक तास जरी परत मिळाला तरी मोठी गोष्ट. झोपेतून मात्र काही कापू नका. मी करून पाहिलंय. पहाटे चारला उठून प्रार्थना आणि दुपारी तीनला खतावणीत चुका, असा तो सौदा झाला.

मिळालेला वेळ दोन प्रकारचा असतो. सलग वेळ, म्हणजे पाऊण तास ते दोन तास दार लावून बसता येईल असा. आणि सुटा वेळ: बसमध्ये वीस मिनिटं, कुकरच्या तीन शिट्ट्या. सुट्या वेळात आजाऱ्याला फोन होतो, गीत पाठ होतं, मध्यस्थीची प्रार्थना होते. त्यात संदेशाची तयारी होत नाही. माझा सलग वेळ मंगळवारी रात्री पाऊण तास आणि शनिवारी दुपारी दोन तास, एवढाच निघाला.

एक आडवी गोष्ट इथेच बोलून टाकतो. आपल्या चर्चच्या मंडळ्यांत पुरुषांच्या सेवेचे पुष्कळ तास बायकोच्या वेळेतून येतात. नवरा घरसभेला वचन सांगायला जातो तेव्हा मुलांना जेवू घालून भांडी कोण घासतं? वही मांडाल तेव्हा नवरा-बायकोने शेजारी शेजारी मांडा. आमच्या घरी तसं केल्यावर कळलं की हिच्याकडे सलग वेळ शून्य मिनिटं आहे. शनिवारचे माझे दोन तास त्या दिवशी एकावर आले, आणि दुसऱ्या तासात स्वयंपाकघर माझ्याकडे.

दुसरी पायरी: हातात काय आहे, हे दुसऱ्याला विचारा

जळत्या झुडपापाशी देव मोशेला विचारतो, तुझ्या हातात ते काय आहे? मोशे म्हणतो, काठी. मेंढरं हाकायची. आपल्यालाही तोच प्रश्न आहे, पण स्वतःला विचारला तर उत्तर नीट येत नाही. एक तर आपण फुशारकी मारतो, नाहीतर ‘माझ्यात काही नाही’ म्हणून नम्रतेचा आव आणतो.

म्हणून तिघांना विचारा: घरचं एक माणूस, कामावरचं एक, मंडळीतलं एक. ‘माझ्यात कोणते गुण आहेत?’ असं विचारू नका, समोरचा संकोचतो. विचारा, ‘गेल्या वर्षभरात मी तुझ्या नेमका कुठे उपयोगी पडलो?’ बायको म्हणाली, घरातला एकही कागद तुमच्यामुळे हरवत नाही. ऑफिसातला सहकारी म्हणाला, मराठी टायपिंग अडलं की आम्ही तुमच्याकडे येतो. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी जरा विचार केला आणि म्हणाले, तुम्ही म्हाताऱ्या माणसांशी सावकाश बोलता.

मला गायन-वादन असं काहीतरी ऐकायचं होतं. निघालं काय, तर फायली, टायपिंग आणि सावकाश बोलणं.

शास्त्रात मात्र अशीच माणसं भरली आहेत. निवासमंडपाचं, म्हणजे इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूचं, काम करायला देवाने बसालेलाला आपल्या आत्म्याने भरलं ते सोनं-रुपं घडवण्यासाठी, रत्नांना पैलू पाडण्यासाठी, लाकडावर कोरीव काम करण्यासाठी. यापोची टबीथा कपडे शिवायची. ती वारली तेव्हा विधवांनी तिने शिवलेले अंगरखे पेत्राला दाखवले. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात तर्तिय नावाचा कुणी मध्येच आपला सलाम सांगून जातो: हे पत्र मी लिहून घेतलं. प्रेषित पौलाने सांगितलं, त्याने लिहिलं. त्याच्याविषयी शास्त्रात एवढी एकच ओळ आहे.

तिसरी पायरी: पोटापाण्याचं काम वगळू नका

वहीतला मोठा आकडा ४८चा. साडेचार तास देवाचे आणि ४८ तास कंपनीचे, अशी वाटणी पौलाला माहीत नव्हती. करिंथमध्ये तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर राहुट्या बनवत होता. कलस्सैकरांना तो लिहितो की जे काही करता ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, आणि हे तो दासांना लिहितो. ज्यांना ना पगार ना रजा.

माझ्या टेबलावर याचा अर्थ साधा निघतो. पुरवठादाराचं बिल मुद्दाम अडकवून ठेवायचं नाही. प्रवासभत्त्यात रिक्षाचे जादा पन्नास रुपये लावायचे नाहीत. कंत्राटी झाडूवाल्या मावशींचा पगार उशिरा झाला तर विचारायचं. नव्या मुलाला काम शिकवताना हातचं राखायचं नाही.

आणि कामाच्या वेळात पत्रकं वाटायची नाहीत. याला काहीजण कचखाऊपणा म्हणतील. पण कंपनीच्या तासात दिलेली साक्ष म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून टाकलेलं दान. वेदी बांधायला अरवना नावाच्या माणसाचं खळं फुकट मिळत असताना दावीद राजाने ते पैसे मोजून विकत घेतलं. ज्याची मला काही किंमत पडली नाही ते मी परमेश्वराला अर्पण करणार नाही, असं तो म्हणाला. साक्ष डब्याच्या वेळात द्या, तो वेळ तुमचा आहे.

चौथी पायरी: सावकार शोधा

हौशी ख्रिस्ती माणूस इथे हटकून घसरतो. गुण कळला, वेळ सापडला की लगेच नवीन ‘मिनिस्ट्री’ काढतो. नाव, लोगो, व्हॉट्सॲप ग्रुप, पहिल्या महिन्यात चाळीस सभासद, पाचव्या महिन्यात ‘गुड मॉर्निंग’चे फोटो.

साडेचार तासांच्या भांडवलावर स्वतःची पेढी निघत नाही. जिथे काम आधीच नीट चाललं आहे तिथे आपला तालांत ठेवा. शेजारच्या बाई वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेतात का? त्यांना गणिताला माणूस हवा असेल. महिला मंडळ आजाऱ्यांना भेटायला जातं का? त्यांना गाडी चालवणारा हवा असेल. वृद्धाश्रमात, इस्पितळात, मंडळीच्या कार्यालयात, कुठेही. ते ख्रिस्ती संस्थेचंच असलं पाहिजे असं मला वाटत नाही. शेजाऱ्यावर प्रीती करताना धर्माचा रकाना भरून घ्यायचा नसतो.

मग एका कागदावर चार ओळी लिहा: काय करणार, कुणासाठी, आठवड्यात कधी, कुठपर्यंत. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ‘आयुष्यभर सेवा करीन’ असं लिहू नका. माझा कागद असा होता: ‘मोतीबिंदू झालेल्या, बारीक अक्षर न दिसणाऱ्या मंडळींसाठी गीतांचं मोठ्या अक्षरातलं पुस्तक. मंगळवारी रात्री पाऊण तास. पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत (ईस्टरपर्यंत).’ हा कागद पाळकसाहेबांना दाखवला. त्यांनी प्रार्थना केली आणि म्हणाले, मुदत लिहिलीत हे बरं केलं.

पाचवी पायरी: तयारीत कसूर नको

‘देव मन बघतो’ हे वाक्य आपल्याकडे ढिसाळपणावर पांघरूण म्हणून फार वापरलं जातं. हार्मोनियम सुरात नाही, देव मन बघतो. संदेश चालता चालता सुचला, देव मन बघतो. ज्यांच्या खांद्यावर आपली मराठी ख्रिस्ती परंपरा उभी आहे त्यांनी असं केलं नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले तेव्हा इंग्रज होते, मराठीचा गंध नव्हता. ख्रिस्तचरित्र सांगणारं त्यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं १६१६ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी, आणि ते अस्सल मराठी ओवीत. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनचा, निराधार मुली-बायकांच्या आश्रमाचा, एवढा संसार सांभाळत हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि अख्खं पवित्र शास्त्र मूळ भाषांतून मराठीत आणलं. तिथल्याच मुली-बायकांनी छपाईचे खिळे जुळवायला, छापायला शिकून ते छापलं. टाकून दिलेल्या, दुष्काळातून उचलून आणलेल्या त्या मुलींच्या हातात कंपोझिंगची कला आहे, हे कुणी आधी ओळखलं असतं?

माझं काम याच्या नखाएवढं. पण तयारी म्हणजे काय ते त्यातच शिकलो. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकातली चाळीस गीतं निवडली, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची आणि त्यांच्या आसपासच्या काळातली. जुनी गीतं घेतली की कुणाच्या हक्काचा प्रश्न येत नाही. नवीन गीत घ्यायचं तर रचणाऱ्याला किंवा प्रकाशकाला विचारा. ख्रिस्ती काम आहे म्हणून फुकट छापायचा परवाना मिळत नाही. मंगळवारी दोन गीतं, वीस मंगळवार. अक्षर २६ पॉइंटचं, ठळक, कागद चकचकीत नको कारण ट्यूबलाइटचा उजेड त्यावरून डोळ्यात जातो. स्पायरल बायंडिंग, म्हणजे पुस्तक मांडीवर सपाट राहतं.

पहिली प्रत पहिल्या बाकावरच्या एका आजोबांना दिली आणि मागे बसून बघत राहिलो. ते ओळीखाली बोट धरून गात होते. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर पान संपलं. थरथरत्या बोटांनी पान उलटेपर्यंत मंडळी चौथ्या कडव्यावर पोचली होती. आजोबांनी पुस्तक मिटलं आणि नुसते ऐकत बसले.

त्यानंतरचे चार मंगळवार सगळी मांडणी पुन्हा केली: प्रत्येक गीत समोरासमोरच्या दोन पानांतच बसलं पाहिजे, पान उलटायची वेळच येता कामा नये. लांब गीतांची कडवी पाळकांना विचारून कमी केली. ही गोष्ट घरी टेबलाशी बसून सुचली नसती. म्हणून कुठलंही काम हाती घ्या, त्याचा पहिला नमुना ज्याच्यासाठी आहे त्याच्या हातात द्या आणि गप्प बसून बघा.

काम पैशाचं असेल तर तयारी आणखी कडक हवी. दानपेटी दोघांनी मिळून मोजायची, आकडा तिथल्या तिथे लिहून दोघांच्या सह्या, पावती त्याच दिवशी. यात कुणावर अविश्वास नाही. यरुशलेमेसाठी गोळा केलेली वर्गणी नेताना पौलानेही बरोबर माणसं घेतली होती, आपल्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून.

सहावी पायरी: ‘नाही’ म्हणायला शिका

एक काम नीट केलंत की दुसरी चार चालत येतात. एका वर्षी मी खजिनदार होतो, तरुण संघाचा सल्लागार होतो, नाताळच्या फेरीचं नियोजन माझ्याकडे आणि आजारी मंडळींच्या भेटीही. माझ्या भेटीच्या यादीत एक आजीबाई होत्या. ‘या रविवारी जमत नाही, पुढच्या रविवारी नक्की’ असं तीन रविवार झालं. चौथ्या रविवारी घोषणांत त्यांच्या अंत्यविधीची वेळ सांगितली. त्या दिवशी माझ्या पिशवीत फेरीच्या टोप्या होत्या, लाल, कापूस लावलेल्या.

मार्काच्या पहिल्याच अध्यायात शिमोन येऊन प्रभू येशूला सांगतो की सगळे तुमचा शोध करत आहेत. गरज खरी होती, दाराशी आजारी माणसं होती. तरी तो म्हणाला, आपण दुसरीकडे जाऊ. आणि हे त्याला कधी सुचलं, तर पहाटे एकांतात प्रार्थना करून उठल्यावर. सोय म्हणून दिलेला नकार आणि प्रार्थनेतून उठून दिलेला नकार, दोन्हींत फरक असतो आणि तो आपल्याला आतून कळतो.

नकार देताना लांबण लावू नका. मी आता एवढंच म्हणतो: ‘पुनरुत्थानापर्यंत एक काम घेतलंय, ते झालं की विचारा.’ शक्य असेल तर एक नाव सुचवतो. सासरा इथ्रोने मोशेला तेच शिकवलं होतं, दहा-दहांवर नायक नेम म्हणून.

सातवी पायरी: विसावा

थोडक्यात: आठवड्यातला एक अर्धा दिवस कशालाच नाही. रविवारी सकाळी सातपासून माइकच्या वायरी जोडणाऱ्याचा रविवार विसाव्याचा नसतो, त्याने दुसरा वार शोधावा.

आठवी पायरी: गौरव कुणाचं, ते तपासा आणि काम सोपवा

देवाच्या गौरवासाठी करतोय असं सगळेच म्हणतात, मीही. खरं-खोटं करायला माझ्याकडे दोनच खुणा आहेत. आभारप्रदर्शनात आपलं नाव राहिलं तर दुपारचं जेवण गोड लागतं का? आणि आपल्यापेक्षा ते काम बरं करणारं कुणी आलं तर आनंद होतो का? पहिल्या परीक्षेत मी आता काठावर पास होतो.

दुसरीसाठी टिळक पती-पत्नींकडे बघतो. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तायन, ख्रिस्ताच्या जीवनावरचं महाकाव्य, अपुरं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांनी अक्षरं गिरवली तीच मुळी लग्नानंतर. म्हणून आपलं काम चालू असतानाच एखाद्याला शेजारी बसवा. हातचं सगळं दाखवा, फाईल कुठे आहे, कुणाला फोन करायचा, काय चुकलं होतं.

माझ्या शेजारी सध्या नववीतली एक मुलगी बसते. मंगळवारऐवजी तिला शनिवार सोयीचा, म्हणून आता शनिवारचा एक तास. दुसरी आवृत्ती तीच लावतेय, साठ गीतांची. परवा तिने स्क्रीनवरून मान न वळवता विचारलं, “काका, पहिल्या पुस्तकात सतराव्या गीतात तुम्ही एक ओळ दोनदा छापलीय. कुणी सांगितलं नाही का?”

कुणीच नाही सांगितलं. दीड वर्ष आजोबा ती ओळ दोनदा गात असणार. मुद्रितं तपासायचं काम त्याच दिवशी तिच्याकडे दिलं.